निद्रानाशावर जागरणाचा उतारा

निद्रानाश म्हणजे झोप न येणे, एवढीच सर्वसाधारण समजूत असते. वैद्यकाची व्याख्या अधिक काटेकोर आहे. अंथरूण आहे, वेळ आहे, अंधार आहे, शेजारी लग्न नाही. तरीही झोप लागत नाही, लागली तर मोडते, किंवा पहाटे साडेतीनलाच संपते. असे आठवड्यातून निदान ३ रात्री आणि निदान ३ महिने चालले आणि त्यापायी दिवसाही माणूस कामाचा राहिला नाही, तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. वरच्या मजल्यावर रात्री अकराला खलबत्ता घेऊन बसणाऱ्या कुटुंबामुळे जी झोप मोडते, ती या व्याख्येत बसत नाही. तिच्यावरचे उपचार सोसायटीच्या वार्षिक सभेत होतात, म्हणजे होत नाहीत.

व्याधी जुनी, तसे उपायही जुने. तळपायाला तूप लावून काशाची वाटी फिरवणे, टाळूवर तेल थापणे, उशी बदलणे, पलंगाचे तोंड फिरवणे आणि जायफळ घातलेले गरम दूध पिणे. शेवटच्या उपायाची गंमत अशी की कोजागरीला, म्हणजे ज्या रात्री कोण जागे आहे हे पाहत लक्ष्मी फिरते त्या रात्री, गच्चीवर जमून घरोघरचे लोक जायफळ घातलेले गरम दूधच पितात. एकच पेय वर्षातून एक रात्र जागवते आणि उरलेल्या ३६४ रात्री झोपवते, याबद्दल अजून कोणी शंका काढलेली नाही.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की जुनाट निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांना पहिला उपचार म्हणून विचार आणि वर्तन बदलणारी उपचारपद्धती द्यावी. गोळ्यांचा विचार त्यानंतर. सीबीटी-आय या नावाने ती ओळखली जाते. साधारण ६ ते ८ भेटींत ती आटोपते आणि तिचा गुण भेटी संपल्यावरही टिकतो, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. इतके असूनही ती लोकप्रिय नाही, आणि कारण उघड आहे. झोप मागायला आलेल्या माणसाच्या हातात ती जागे राहण्याचे वेळापत्रक ठेवते.

असे का, हे समजण्यासाठी न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली उपपत्ती उपयोगी पडते. त्यांच्या मते निद्रानाशाला तीन गोष्टी लागतात: मुळातला स्वभाव, तात्कालिक निमित्त आणि नंतरची जोपासना. स्वभाव काळजीखोर असतो. निमित्त म्हणून मुलीची बारावी येते. वडिलांची झोप उडते, ते साहजिकच. मग वडील उपाय सुरू करतात. दहाऐवजी नऊला आडवे होतात, की प्रयत्नाला तासभर जास्त मिळावा. सकाळी डोळे मिटून साडेसातपर्यंत पडून राहतात, निदान अंगाला आराम म्हणून. दुपारी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोके टेकतात. संध्याकाळचे फिरणे बंद करतात, कारण अंगात त्राण नाही. पुढे निकाल लागतो, मुलगी इंजिनियरिंगला जाते, वसतिगृहात राहते, तिथे पहाटे चारपर्यंत जागते आणि दुपारी बारापर्यंत गाढ झोपते. वडील मात्र अजून जागेच असतात. निमित्त केव्हाच गेले. मागे उरले ते उपाय, आणि आता आजार त्यांच्यावरच पोसला जातो.

म्हणून उपचाराची सुरुवात उपाय काढून घेण्यापासून होते, आणि त्याआधी हिशेब मांडावा लागतो. दोन आठवडे झोपेची डायरी लिहायची असते. किती वाजता अंगावर पांघरूण घेतले, अंदाजे किती वेळाने डोळा लागला, किती वेळा जाग आली, शेवटी केव्हा उठले. नोंदी सकाळी अंदाजाने करायच्या, रात्री घड्याळ पाहून नाही. ही अट रुग्णांना फार जाचते. एक वाजून वीस मिनिटे, दोन वाजून पाच मिनिटे, तीनला दहा कमी, असा रात्रीचा नेमका पाढा म्हणून दाखवण्यात एक कडवट समाधान असते आणि ते सहजासहजी सुटत नाही. घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा, असे सांगितले जाते. त्यावर काही जण टोलाचे घड्याळ आणतात.

डायरीची दुसरी अडचण म्हणजे साक्षीदार. रुग्ण सांगतो, "डॉक्टर, रात्रभर डोळ्याला डोळा नाही." शेजारच्या खुर्चीवरून आवाज येतो, "अहो, काहीतरीच काय! साडेबारापासून घोरत होतात. मी दोनदा कुशीवर वळवलं तुम्हाला." दोघेही खरे बोलत असतात. प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरींचे आलेख काढले तर निद्रानाशाचे पुष्कळ रुग्ण स्वतःला वाटते त्यापेक्षा बरेच जास्त झोपलेले आढळतात. जागेपणाची मिनिटे लक्षात राहतात आणि झोपेची राहत नाहीत, कारण ती लक्षात ठेवायला त्या वेळी कोणी हजर नसते. अर्थात हे निदान त्या दोन खुर्च्यांसमोर मांडताना डॉक्टरने बाजू घेऊ नये, हे इष्ट.

डायरीतून एक आकडा काढतात: अंथरुणात घालवलेल्या वेळापैकी झोप किती टक्के. दहाला आडवे होऊन सातला उठणारा माणूस सरासरी साडेपाच तास झोपत असेल, तर नऊ तासांपैकी ते जेमतेम ६१ टक्के होतात. चांगली झोप असणाऱ्यांत हा आकडा ८५ च्या वर असतो. आता झोप ताबडतोब वाढवणे कोणाच्या हातात नसते, पण छेदस्थानचा आकडा कमी करता येतो, आणि शाळेत अपूर्णांक शिकलेल्या कोणालाही पुढची पायरी दिसेल. माणूस साडेपाच तास झोपतो ना, मग त्याला साडेपाच तासच अंथरूण द्यायचे. उठण्याची वेळ सहा ठरली, तर झोपायला जाण्याची वेळ रात्री साडेबारा. स्पीलमन यांचा हाच तो उपचार. नऊ तासांत पाणी घालून पातळ केलेली झोप साडेपाच तासांत आटवली की तिची बासुंदी होते, असे त्याचे तत्त्व. आटवण्यालाही मर्यादा आहे. पाच तासांच्या खाली सहसा जात नाहीत.

पहिला आठवडा कठीण जातो. निद्रानाशाचा रुग्ण साडेनऊपासून पेंगू लागतो, आणि ज्या माणसाने वर्षभर झोपेची वाट पाहिली त्यालाच आता घरचे लोक हलवून जागे ठेवतात. टीव्हीवरच्या सगळ्या मालिका संपतात, त्यांची पुनःप्रक्षेपणेही संपतात. कपाट आवरून होते. साडेअकराला नवरा कपड्यांना इस्त्री करताना दिसला तर शेजाऱ्यांचा गैरसमज होतो. पण या जागरणात शरीराचे एक काम चालू असते. माणूस जितका वेळ जागा, तितका झोपेचा दाब वाढत जातो. मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचणे हे त्याचे एक कारण मानतात. साडेबाराला अंथरुणावर पाठ टेकताच झोप लागू लागते आणि सलग राहते. आकडा ८५-९० टक्क्यांवर गेला की बक्षीस म्हणून १५ मिनिटे वाढवून मिळतात. मग साडेबाराचे सव्वाबारा. आठवड्याला पाव तासाची ही वाढ हातात पडल्यावर माणसाला झोपेची जी किंमत कळते, ती आठ तास फुकट मिळणाऱ्याला कळणे शक्य नाही.

दुसरा मोठा उपचार याहून जुना आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी तो १९७२ मध्ये मांडला. त्यांचे म्हणणे असे की माणसाला जागेची सवय लागते. अंथरुणात महिनोन्‌महिने तळमळत पडले की अंथरूण दिसताच तळमळ आठवते. सोफ्यावर बातम्या पाहता पाहता मान टाकणारा माणूस पलंगापर्यंत चालत गेला की टक्क जागा होतो, याचे कारण हेच.

याचा उलटा पुरावा मुंबईच्या लोकलमध्ये रोज मिळतो. संध्याकाळच्या डोंबिवलीच्या गाडीत तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळालेला माणूस अर्धा बाकावर आणि अर्धा अधांतरी असतो. समोरच्याची बॅग त्याच्या गुडघ्याला, उभ्या माणसाचे कोपर कानाला. दारात भांडण, मागे भजनी मंडळ, मधून शेंगदाणेवाला. घाटकोपर यायच्या आत या माणसाची मान छातीवर पडलेली असते, आणि कोपर गेले की ती आपोआप सरळ होते. मऊ गादी, पडदे, पंखा, काहीही नसताना येथे झोप का लागते? कारण त्या जागी तो रोज झोपतो, त्याच वेळी झोपतो, आणि मुख्य म्हणजे तिथे झोप लागलीच पाहिजे असे त्याच्यावर कोणतेही दडपण नसते. घरी जाऊन हाच माणूस दोन वाजेपर्यंत छत पाहतो. त्यात लोकलमधल्या पाऊण तासाने झोपेचा दाब आधीच उतरवून ठेवलेला असतो, म्हणून उपचाराच्या काळात त्याने उभ्याने प्रवास करावा हे उत्तम. ही सूचना पाळायला मध्य रेल्वे पूर्ण सहकार्य करते.

बूटझिन यांचे नियम थोडे आहेत. पेंग आल्याशिवाय अंथरुणात जायचे नाही. नुसते दमलेले असणे म्हणजे पेंग नव्हे. अंथरुणाचा उपयोग झोप आणि दांपत्यसुख यांखेरीज कशासाठीही नाही. (भाषांतरित पुस्तिकांमध्ये या ठिकाणी छपाई अस्पष्ट होते.) साधारण १५-२० मिनिटांत झोप लागली नाही असे वाटले तर उठायचे, दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी शांतपणे करत बसायचे आणि पेंग आली की परतायचे. पुन्हा लागली नाही तर पुन्हा उठायचे. सकाळी ठरल्या वेळी उठायचे, रात्र कशीही गेलेली असो. दिवसा झोपायचे नाही.

यातला ‘दुसरी खोली’ हा शब्दप्रयोग ज्यांच्या घरांत बसून लिहिला गेला, त्यांची घरे मोठी होती. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे झोपतात तिथे दुसरी खोली म्हणजे ओट्याजवळची दीड फरशी. अंधारात तिथवर जाताना दोघांवर पाय पडतो, आणि मग निद्रानाश एकाचा राहत नाही. उपचारकर्त्यांनी यावर तोड काढलेली आहे: खोली नसेल तर त्याच खोलीत खुर्चीवर बसा, तीही नसेल तर अंथरुणातच भिंतीला टेकून उठून बसा आणि झोपेचा नाद सोडा. पलंगावर बसून पोहे खाणे, भाजी निवडणे, मुलांचा अभ्यास घेणे आणि गृहकर्जाचे हप्ते मोजणे हे मात्र बंद. जेथे पलंग हाच बैठकीचा सोफा, तेथे रात्री चादर बदलून त्याचे रूप पालटावे, एवढे तरी करता येते.

शांतपणे काय करायचे, यावरही वाद होतात. मोबाइल नको, कारण त्यात उजेडापेक्षा नातेवाईक जास्त त्रासदायक. पुस्तक चालते, पण रहस्यकथा नको. आयकराची नियमावली सुचवणाऱ्यांनी विचार केलेला नसतो. तिने काहींची उरलीसुरली झोप उडते.

विचारांचा भाग यानंतर येतो. रात्री दोनला माणसाचे मन फार लांबचे पाहते. आत्ता झोप लागली नाही तर उद्या मीटिंगमध्ये गडबड होईल, मग बढती जाईल, मग हप्ते थकतील, मग घर जाईल. घड्याळात दोन वाजून सहा मिनिटे झालेली असतात. उपचारात ही साखळी दिवसाच्या उजेडात कागदावर लिहायला लावतात आणि प्रत्येक कडी तपासतात: याआधी झोप न होता किती मीटिंगा झाल्या, त्यांपैकी किती बिघडल्या, आणि भरपूर झोप होऊनही किती बिघडल्या? आठ तास झोप झालीच पाहिजे, हा समजही तपासला जातो. प्रौढांना सर्वसाधारणपणे सात तास किंवा अधिक झोप लागते, पण माणसामाणसांत फरक असतो. शिवाय काळजीची एक वेळ ठरवून देतात, बहुधा संध्याकाळची. त्या वेळी वही घेऊन बसायचे आणि मनापासून काळजी करायची. रात्री काळजी आली तर तिला उद्याची वेळ द्यायची. सरकारी कार्यालयात ज्यांनी कामे केली आहेत, त्यांना ही पद्धत चटकन जमते.

अंग सैल सोडण्याचे तंत्र शिकागोच्या एडमंड जेकबसन यांचे. त्यांचे त्यावरचे पुस्तक १९२९ चे. एकेक स्नायू आवळायचा आणि सोडायचा. शवासन करणाऱ्यांना त्यात नवीन काही वाटणार नाही. याहून चमत्कारिक आहे तो व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारातून आलेला उपाय: अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचे आणि जागे राहण्याचा प्रयत्न करायचा. झोपेला प्रयत्न बाधतो, म्हणून प्रयत्नाला दुसऱ्या कामाला लावायचे. ‘आज काही झोपायचं नाही’ असा निश्चय करून बसलेला माणूस किती वेळ तग धरतो, हे महाशिवरात्रीच्या जागरणात कोणालाही पाहता येईल.

चहा, मद्य, तंबाखू, उजेड, आवाज, रात्रीचे जड जेवण यांबद्दलचे सल्ले सर्वांना पाठ असतात. निद्रातज्ज्ञांच्या अमेरिकन अकादमीने २०२१ मध्ये स्पष्ट केले की एवढेच सल्ले, बाकी काही न करता, जुनाट निद्रानाशावर उपचार म्हणून देऊ नयेत. जगात सर्वाधिक दिला जाणारा सल्ला तो हाच. चहाबद्दल मात्र गणित सांगितले पाहिजे. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते, आणि शरीरातून निम्मे कॅफीन जायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातला अर्धा कप रात्री अकराला अंथरुणात सोबतीला असतो. पाहुण्यांकडे सातला ‘अर्धाच घ्या’ म्हणून दिलेला चहा पूर्ण कपच असतो, तेव्हा हिशेब त्याप्रमाणे करावा.

आता घड्याळ. झोपेवर दोन सत्ता चालतात, ही मांडणी झुरिचचे अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये केली. एक, जागेपणाने साचणारा दाब. दुसरी, मेंदूतले चोवीस तासांच्या आसपास चालणारे घड्याळ, जे रोज उजेडावर जुळवून घ्यावे लागते. पेशींमधल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रोझबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल मिळाले. ते घड्याळ रविवार ओळखत नाही. सोमवार ते शुक्रवार अकराला झोपून सहाला उठणाऱ्याच्या झोपेचा मध्य अडीचला येतो. शनिवारी दोनला झोपून रविवारी दहाला उठले की मध्य सहाला. साडेतीन तासांचा हा फरक म्हणजे बरोबर भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्या वेळांतला फरक. हा माणूस दर शनिवारी व्हिसाशिवाय जोहान्सबर्गला जातो आणि सोमवारी पहाटे परत येऊन साडेआठची लोकल पकडतो. जर्मन संशोधक टिल रोनेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या प्रकाराला सामाजिक जेटलॅग असे नाव दिले. रविवारी रात्री झोप लागत नाही ती सोमवारच्या धास्तीने, असा समज आहे. तो निराधार नाही, पण दहाला उठलेल्या माणसाला अकराला झोप यावी तरी कशी?

नियमितपणाचे महत्त्व अलीकडे वाढलेले आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ६०,००० लोकांच्या मनगटावर आठवडाभर यंत्रे बांधून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झोपेच्या तासांपेक्षा तिच्या नियमितपणाचा संबंध पुढील वर्षांतल्या मृत्यूंशी अधिक घट्ट आढळला. नुसत्या निरीक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आजारी माणसाची झोप आधीच अनियमित असू शकते. तरीही या निकषावर पौराणिक दाखल्यांची फेरतपासणी करायला हरकत नाही. कुंभकर्णाला आळशी ठरवण्यात आले आहे. वास्तविक सहा महिने झोप आणि एक दिवस जाग, हे वेळापत्रक लांबलचक असले तरी काटेकोर होते. ते मोडले रावणाने, ऐन झोपेत ढोल-नगारे वाजवून, आणि वेळेआधी उठवलेला कुंभकर्ण त्याच दिवशी रणांगणावर मेला.

वामकुक्षीचा प्रश्न पुण्यात भावनेचा आहे, म्हणून तो जपून हाताळला जातो. ज्यांना रात्री नीट झोप लागते त्यांच्या दुपारच्या डुलकीला या उपचाराचा आक्षेप नाही. दुकान एक ते चार खुशाल बंद ठेवावे. निद्रानाशाच्या रुग्णाला मात्र ती महाग पडते. ज्येष्ठांना फारच झाले तर तीनच्या आत अर्ध्या तासाची सूट देतात. अर्धा तास म्हणजे तीस मिनिटे, हे लिहून द्यावे लागते.

हा उपचार सर्वांना सरसकट चालत नाही. फेफरे येणारे आणि ज्यांना उन्मादाचे झटके येतात असे, यांची झोप तोडणे धोक्याचे. एसटी, ट्रक किंवा क्रेन चालवणाऱ्यांबाबतही तेच. घोरता घोरता श्वास थांबत असेल तर ती वेगळी व्याधी. तिची तपासणी आधी. झोपेची गोळी बरीच वर्षे चालू असेल तर ती एकदम न तोडता डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू उतरवतात. उपचार जाणणारी माणसे थोडी असल्याने तो आता ॲपवरही मिळतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये स्लीपिओ नावाच्या अशा ॲपची शिफारस केली. मोबाइल अंथरुणाबाहेर ठेवा, हे मोबाइलच सांगतो. मनगटी पट्ट्यांची गोष्ट निराळी. सकाळी ताजेतवाने उठलेला माणूस पट्टीवर ६८ गुण पाहून लगेच मरगळतो. असे रुग्ण दवाखान्यांत येऊ लागले, तेव्हा २०१७ मध्ये अमेरिकन डॉक्टरांना त्यासाठी ऑर्थोसोम्निया असे नवे नाव काढावे लागले.

भेटी संपल्यावर रुग्णाला शेवटची सूचना देतात ती पुढच्या वेळेसाठी. घरात लग्न निघेल, कोणी आजारी पडेल, बदलीचा कागद येईल आणि दोन-चार रात्री पुन्हा जातील. तेव्हा लवकर आडवे व्हायचे नाही, भरपाई करायची नाही, उठण्याची वेळ हलवायची नाही. पंधरा दिवसांत घडी बसली नाही तर डायरी पुन्हा काढायची आणि अंथरुणातले तास पुन्हा आवळायचे. लग्नघरात हॉलभर पाहुणे पसरलेले असताना पहाटे सहाचा गजर कोणाच्या मोबाइलमध्ये झाला, हे सांगणे मात्र उपचारात मोडत नाही.